गाडीच्या मानेवरचे कुंकू

जेवण आटोपून अक्कासाहेब शिंत्रे पडवीतल्या आरामखुर्चीत टेकतात, त्या झोपायचे नाही असे ठरवूनच. समोर हातभर अंतरावर भाऊसाहेबांची, त्यांच्या यजमानांची, काळी मोटरसायकल उभी आहे. गाडीचे वय पस्तीस. भाऊसाहेबांना जाऊन चार वर्षे झाली.

उद्या गाडीचे पासिंग आहे. हॉर्न वाजतो, दिवा लागतो, ब्रेक धरतो. सापडत नाही तो चेसिस नंबर. कागदावरचा नंबर गाडीवर कुठेच दिसेना, म्हणून गेल्या आठवड्यात आरटीओच्या साहेबांनी गाडी तशीच परत पाठवली. "आई, उद्याही परत आली तर सरळ भंगारात," असे आज रणजितने, त्यांच्या मुलाने, ताटावरच ऐकवले. "परत येणार नाही," एवढेच त्या बोलल्या. बोलून बसल्या खऱ्या. आता ते निभवायचे आहे.

मघाशी दस्तगीर मिस्त्री जेवायला जाताना पुन्हा तेच टुमणे लावून गेला होता.

"अक्कासाहेब, या गाडीचा नंबर मानेवरच असतोय. हँडलच्या खाली. तेवढं कुंकू खरवडलं तर..."

"त्याला हात लावायचा नाही. दहा वेळा सांगितलं. दुसरीकडं शोध."

"दुसरीकडं कुठनं उगवणार?" असे पुटपुटत तो गेला.

ते कुंकू अक्कासाहेबांच्या हातचे आहे. दर खंडेनवमीला तेलात कालवलेले कुंकू त्या गाडीच्या मानेवर लावतात. जुने न पुसता, त्याच्यावरच नवे. आता त्याचा चांगला जाड पोपडा झाला आहे. चार वर्षांपूर्वी भावकीतल्या बायका म्हणाल्या, आता हा मान सुनेचा. अक्कासाहेबांनी त्यांच्याकडे नुसते पाहिले आणि डबी उघडली.

डोळे मिटलेले नाहीत. पापण्या जड झाल्या आहेत, इतकेच.

पान्हे खुळखुळतात. गाडीशेजारी भाऊसाहेब उकिडवे बसले आहेत, आणि ग्रीस लागलेले हात दोरीवरच्या लुगड्याला पुसत आहेत.

"अहो, इरकल आहे ती माझी!"

"तरीच. मऊ लागतंय."

अक्कासाहेब दचकत नाहीत, संतापतात. मेल्यानंतर तरी माणसाने थोडे सुधारावे.

"नंबर कुठं आहे गाडीचा?"

"कसला नंबर?"

"चेसिसचा! उद्या पासिंग आहे."

"उद्याच? मग आधी चहा टाक."

त्या तणतणत स्वयंपाकघरात जातात, तर तिथे पासिंगचे मैदान आहे. चुन्याच्या पांढऱ्या रेघा चुलीपासून निघून लांब क्षितिजापर्यंत गेल्या आहेत. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात गाडीचा एकेकच भाग आहे: कुणाकडे आरसा, कुणाकडे सायलेन्सर, पोटाशी धरलेले. साहेब अक्कासाहेबांच्याच पाटावर मांडी घालून बसले आहेत.

"बाई, तुमचं काय?"

अक्कासाहेब ओंजळ उघडतात. ती रिकामी आहे.

"नापास," साहेब म्हणतात, आणि त्यांच्या पापडाच्या डब्यात हात घालतात.

"पाटावरून उठा आधी!" अक्कासाहेब ओरडतात, पण वारा शब्द उडवून नेतो, कारण गाडी आंबोलीच्या घाटात आहे. त्या मागे एका अंगाला बसल्या आहेत, पदर दातात धरून. धुके इतके दाट, की रस्ता कुठला आणि दरी कुठली कळत नाही. भाऊसाहेब शीळ घालत आहेत.

"पुढं बघून चालवा!"

"पुढं काय दिसतंय? तुझं कुंकूच दिसतंय फक्त."

"ते तिथंच राहणार. माझ्या कपाळावरचं पुसलं, तेव्हा मला कुणी विचारलं नाही. हे मी पुसू देणार नाही."

गाडी थांबते. इंजिन बंद होते, तरी शीळ थोडा वेळ चालूच राहते.

"ते आहे म्हणून मी येतोय, असं वाटतंय होय तुला?"

"मग कशासाठी येता?"

"तू अजून चिडतेस ना माझ्यावर, म्हणून. गाडी भंगारात गेली तर बसू कशावर, तेवढं मात्र बघ."

"इतकी वर्षं पासिंगला तुम्हीच नेत होता. तेव्हा कसा सापडत होता नंबर?"

भाऊसाहेब खाली बघून किक चाचपतात. चोरी पकडली गेली की ते हमखास किक चाचपत.

"खरवडायचो."

"काय?"

"चारदा खरवडलंय. घरी आणायच्या आधी परत लावायचो. कुंकवाची डबी तुझ्या देव्हाऱ्यात, ती मागणार कोण? फाटकाचा लाल रंग होता, तोच चोपडायचो जाडसर. वर तू तुझं लावायचीस."

"म्हणजे खंडेनवमीला मी फाटकाच्या रंगाला हात जोडले?"

"मीही उभा असायचो की शेजारी, हात जोडून."

"लाज नाही वाटली?"

"वाटायची. पण तू रागावशील याची भीती जास्त." ते अक्कासाहेबांचा अंगठा धरून त्या पोपड्यावर टेकवतात. हात गार नाही. "लाव नख. निम्मं माझ्या हातचं आहे, बाईसाहेब. माझी परवानगी आहे."

"मला परवानगी देणारे तुम्ही कोण? पस्तीस वर्षांत एकदा तरी सरळ तोंडानं..."

स्वतःच्याच आवाजाने त्या जाग्या होतात. उन्हे पडवीच्या पायरीवर आली आहेत. लुगडे दोरीवर कोरडे, स्वच्छ आहे. गाडी जागच्या जागी आहे.

उजव्या अंगठ्याच्या नखात काहीतरी सलते आहे. त्या हात उन्हात धरतात. कुंकवाची पूड, आणि तिच्याखाली टणक, चकचकीत लाल कपची. त्या अंगणापलीकडे पाहतात. फाटकाचा रंग तोच आहे.

दस्तगीर हात पुसत येतो, गाडीपाशी वाकतो आणि तसाच थबकतो.

"हे कुणी खरवडलं? एक आकडा दिसायलाय, अक्कासाहेब. सात."

अक्कासाहेब अंगठा मुठीत मिटतात.

"उरलेलं तू खरवड. निघेल ते सगळं कागदात धर. कणसुद्धा जमिनीवर सांडायचा नाही."

"जी."

"आणि उद्या पासिंग झालं की येताना लाल रंगाचा डबा घेऊन ये. फाटकाला आहे, तोच."

"फाटक रंगवायचंय?"

"आण म्हटलं की आणायचा," अक्कासाहेब म्हणतात. "प्रश्न विचारायचे नाहीत."