कॉम्प्युटरची पाठवणी

लग्नाला वर्ष होत आलं तरी माझा कॉम्प्युटर माहेरीच होता, धुळ्याच्या घरी, माझ्या जुन्या खोलीत. मी घरांची थ्रीडी चित्रं करते, म्हणजे बिल्डरांना त्यांची अजून न बांधलेली घरं रंगवून, दारात कुंड्या ठेवून दाखवते. हैदराबादला नवऱ्याच्या लॅपटॉपवर हे काम होत नाही; एक भिंत उभी करतानाच तो धापा टाकायला लागतो. त्यामुळे दर महिन्याला मी धुळ्याला यायचे, साठलेलं काम उरकायचे आणि परत जायचे. सासूबाई तोंडावर काही बोलत नसत. पण हिचं माहेरपण संपतच नाही, असं त्या फोनवर कुणाला तरी सांगताना मी ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता कॉम्प्युटरच घेऊन जायचा. सोमवारी एक मोठं काम द्यायचं होतं. कॉम्प्युटर धडधाकट पोचला नाही तर काम हातचं जाणार होतं, आणि 'मी माझं कमावते' ही माझी ऐटही.

रेल्वेत खोका कुणाच्या तरी पायाखाली येणार, कुरिअरवर माझा भरवसा नाही. म्हणून जळगावहून विमानानं न्यायचं ठरलं. आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, सगळी नोकरी धरणगावच्या जिनिंगमध्ये गेली. त्यामुळे जगातली कुठलीही नाजूक वस्तू कापसात घालून कुठंही पाठवता येते अशी त्यांची ठाम समजूत आहे. ते पोतंभर कापूस घेऊन आले. तो कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसेल, असं मी सांगितलं तेव्हा ते रुसून ओट्यावर जाऊन बसले. मूळ खोका माळ्यावर सापडला, पण त्यातल्या थर्माकोलचं आईनं गणपतीत मखर केलं होतं. शेवटी जुन्या गादीचा स्पंज कापला. डिस्क, ग्राफिक्स कार्ड आणि आतला जड कूलर काढून माझ्या कपड्यांत गुंडाळले, ते हातातल्या बॅगेत. स्क्रीन तिकडे नवीन घ्यायचा होता.

कार्ड काढल्यावर कॉम्प्युटरच्या डब्यात मोठी पोकळी दिसायला लागली. आई दारात उभी राहून बघत होती. आतलं बठ्ठं काढी लिधं का, असं तिनं विचारलं. महत्त्वाचं सगळं काढलं, ते माझ्याबरोबर जातंय, हा डबा रिकामाच जाणार, असं सांगून मी त्याचं झाकण लावलं आणि चिकटपट्टी आणायला बाजारात गेले. झाकणाचे स्क्रू हातानं फिरतात. मला धूळ पुसताना आईनं ते शंभरदा पाहिलं होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

जळगावच्या रस्त्यावर आबांनी खोका मांडीवर घेतला आणि दोघांना मिळून एक सीटबेल्ट लावला. गाडी चुलतभाऊ चालवत होता. पारोळ्यापर्यंत प्रत्येक खड्ड्याला त्यानं आबांची बोलणी खाल्ली. लग्नाच्या दिवशी मी याच रस्त्यानं गेले होते, तेव्हा मात्र गाडी सुसाट सोडली होती, हे मी बोलून दाखवलं. आई माझ्या शेजारी बसून खोक्यावरची नजर हलवत नव्हती.

विमानतळावर आई-आबा काचेबाहेर थांबले. खोका यंत्रातून गेला आणि तपासणीवरच्या बाईंनी मला हाक मारली. आत काहीतरी गोल दिसतंय म्हणाल्या. मी जरा तोऱ्यातच सांगितलं की तो पंखा आहे. पंखा वेगळा दिसतोय, हे दुसरंच आहे, उघडा, असं त्या म्हणाल्या. उघडलं. कार्डाच्या जागी लाल ब्लाउजपीसची पुरचुंडी होती. त्यांनी गाठ सोडली तशी गहू सांडले, मागोमाग हळकुंड, सुपारी आणि चांगली जाडजूड खोबऱ्याची वाटी बाहेर आली. पॉवर सप्लायवर कुंकवाचं बोट ओढलेलं होतं. निघताना आईनं माझी ओटी भरली होतीच, ही कॉम्प्युटरची वेगळी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"कॉम्प्युटर जाईल," बाई म्हणाल्या, "खोबरं नाही जाणार. तेल असतं, पेट घेतं."

हातात नेलं तर, असं मी विचारलं. तेही नाही. त्यांनी कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या डब्याकडे बोट केलं. मी काचेकडे पाहिलं. आई नाक काचेला टेकवून उभी होती. भरलेली ओटी परत नेऊन द्यावी तर ती महिनाभर धास्तावली असती, आणि तिच्या डोळ्यांदेखत कचऱ्यात टाकण्याएवढी मी रागावले नव्हते. मी वाटी टेबलाच्या कडेवर आपटून फोडली आणि तिथंच उभी राहून खायला लागले. पण खाऊन खाऊन किती खाणार? मागचे एक धोतरवाले आजोबा पुढे आले, काही न विचारता एक तुकडा घेतला. मग सामान उचलणाऱ्या पोरांनी घेतला, आणि शेवटी बाईंनीही पाठ फिरवून एक तोंडात टाकला. काचेबाहेर आई आबांना काहीतरी सांगत होती. तिला वाटलं असणार, मुलीनं विमानतळावर प्रसाद वाटला. गहू मी वेचून पर्समध्ये भरले.

हैदराबादला सगळं जोडलं, बटण दाबलं. पंखा फिरला, पण नवा स्क्रीन काळाच. पुन्हा दाबलं, पुन्हा काळा. सोमवार समोर दिसायला लागला. कार्ड काढून टॉर्च मारला तर त्याच्या खाचेत गव्हाचा एक दाणा आडवा बसला होता. दात कोरायच्या काडीनं तो उकरला, कार्ड पुन्हा बसवलं, आणि स्क्रीन लागला. नवरा चहा टाकायला आत गेला. मी आईला फोन लावला, तो ओरडायलाच. कॉम्प्युटरची कुणी ओटी भरतं का, माझं काम बुडालं असतं, सगळं एका दमात बोलून घेतलं.

तिनं ऐकून घेतलं. चालू व्हयना का, एवढंच विचारलं. झालाय, मी म्हटलं.

"लगीनमा तू गयी तवय माले रडू उनं नही," ती म्हणाली. "तुना कम्प्युटर आठेच व्हता. तू येनारच व्हती. आते आठे तुनं काय राह्यनं?" आता तिथं माझं काय राहिलं, याचा मी विचारच केला नव्हता.

माझे हुंदके ऐकून नवरा चहा तसाच सोडून धावत आला. त्यानं आधी कॉम्प्युटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"चालू तर आहे," तो म्हणाला, "मग रडतेस कशाला?"