मोटारीची चेन

जुन्या मूकपटांतल्या शर्यतीच्या गाड्या ओळखायचा आमचा मोबाइलवर एक ग्रुप आहे. काल तिथं आलेल्या एका तुकड्यावर मी चित्र थांबवलं, आणि अंगठा तिथंच राहिला. उघडं इंजिन, बारीक आऱ्यांची चाकं आणि मागच्या चाकाला, अगदी स्पष्ट, चेन.

हाच मूकपट मी शेलूबाजारला मास्तर असताना मुलांना दाखवला होता. भर दुपारी खिडक्यांना सतरंज्या लावल्या होत्या. मध्येच प्रोजेक्टर अडला, म्हणून नववीतल्या सुनंदाच्या वडिलांना बोलावलं. ते जीपगाड्यांचे मिस्त्री. त्यांनी मशीन सुरू केलं आणि ग्रीसचे हात पुसत दाराशीच उभे राहिले. पडद्यावरून ही गाडी धूळ उडवत गेली तसे ते म्हणाले, "सर, या गाडीले चेन हाये. म्हणून तर अशी हिसके मारून राह्यली."

"मिस्त्री, चेन सायकलीला असते," मी म्हणालो आणि हसलो. मग वर्गही हसला.

रीळ मागे फिरवून बघता आलं असतं. मी फिरवलं नाही.

"असन बा," मिस्त्री म्हणाले. "तुमी शिकलेले."

काल ग्रुपवर मी लिहिलं, 'चेनवर चालणारी गाडी आहे.' लगेच शाबासक्या आल्या. त्या वाचताना मला पहिल्या बाकावरची सुनंदा दिसत होती. तिनं आधी बापाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मग तीही हसली.