रेमंड, लिस्प आणि खालचा आवाज

काल रेमंडला पुरून आलो.

"गेला" असं लिहीत नाही. तो म्हणाला असता, "कुठे गेलो रे? कुर्ल्याला?"

झोपेत हार्ट अटॅक. त्रास नाही झाला म्हणे. असं सगळेच म्हणतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. रेमंड आणि मी अंधेरीला एमआयडीसीत एकाच टीममध्ये होतो. पहिल्याच नोकरीत त्याला लिस्प नावाची जुनी प्रोग्रामिंगची भाषा भेटली आणि गडी तिथेच राहिला.

आम्ही जावा शिकलो, मग पायथन शिकलो. हा आपला लिस्पमध्ये. त्या भाषेत जिकडे तिकडे कंस. कंसात कंस, त्याच्या आत आणखी कंस.

"घाऊक आणलेस काय रे एवढे कंस?"

"एक कंस उघडला की मिटेपर्यंत निभवायचं. लग्न तू केलंस, आणि हे मी सांगू?"

साहेब म्हणाले, जावा शीक, टीमचा लीड करतो. हा "नको" म्हणाला आणि डबा उघडून जेवायला बसला. आम्ही त्याला येडा म्हणायचो. तोंडावर.

पण त्याचा जीव ऑफिसात नव्हताच.

तो गावठाणात मोठ्या बहिणीसोबत राहायचा. फिलोमिना, आमची फिलूआंटी. दोघं चर्चच्या क्वायरमध्ये गायची. क्वायरला चार आवाज लागतात, दोन बायकांचे, दोन पुरुषांचे. त्यातला सगळ्यात खालचा, जाडा, तो बेस. तो रेमंडचा.

गावठाणातली पोरं पांगली. कोण कॅनडाला, कोण वसईला. जो जाईल त्याचा आवाज रेमंड लिस्पमध्ये लिहून काढायचा. मग रविवारी लॅपटॉप त्याच्या जागी "आ आ" करायचा.

शेवटी माणसं तीन उरली. फिलूआंटी, तिची मैत्रीण लिली आणि रेमंड. बाकी सगळे कंस.

एकच गोष्ट मला खटकायची. प्रत्येक ओळ संपली की लॅपटॉप शेवटचा सूर धरून थांबायचा. रेमंड स्पेसबार दाबायचा तेव्हा पुढची ओळ सुरू.

"ऑटोमॅटिक कर ना यार."

"असू दे."

परवा फिलूआंटीचा फोन आला. "संजू, त्याच्या मिस्साला, चर्चमधल्या शेवटच्या प्रार्थनेला, त्याचं आवडतं गाणं घेतोय. तू कॉम्प्युटरवाला ना? खालचा आवाज घाल रे त्यात. माझ्या भावाला अर्ध्या गाण्यावर नाही पाठवायचं मला."

गेलो. त्यांच्या जेवायच्या टेबलावर त्याचा लॅपटॉप उघडला. घाबरत होतो, पण त्याचा प्रोग्राम वाणसामानाच्या यादीसारखा सरळ निघाला. हा सूर, एवढा वेळ, मग हा सूर. पहिल्यांदाच मला ती भाषा आवडली. आणि हे ज्याला सांगायचं तो शवपेटीत.

दुपारपर्यंत बेस घातला. जाता जाता ते स्पेसबारचं झंझटही काढून टाकलं. गाणं सलग वाजायला लागलं. झकास. मला वाटलं, बग काढला.

काल मिस्सामध्ये पहिली ओळ व्यवस्थित झाली.

लॅपटॉप दुसऱ्या ओळीवर गेला. आंटी आणि लिली अजून पहिलीच्या शेवटच्या सुरावर.

धावत पकडली त्यांनी. पुढच्या ओळीला परत तेच. पार वाट लागली. लोक वळून बघायला लागले.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. रेमंडला दम कमी. ओळ संपली की तो लांब श्वास घ्यायचा, आणि तेवढा वेळ सगळे सूर धरून थांबायचे. लॅपटॉपसुद्धा. इतक्या वर्षांची सवय त्यांची. स्पेसबार त्यासाठी होता.

आंटीने हातानेच खूण केली, बंद कर.

मी लॅपटॉप मिटला.

दोघींनी गाणं पहिल्यापासून घेतलं. नुसते दोन म्हाताऱ्या बायकांचे आवाज. खाली बेस नाही, काही नाही.

तरी प्रत्येक ओळीला त्या थांबत होत्या. एकमेकींकडे बघतही नव्हत्या. एक माणूस श्वास घेईल एवढं थांबायच्या, मग पुढची ओळ.

मी तिथे रडलो. ऑफिसवाल्यांनी बघितलं, बघू दे.

शेवटच्या ओळीनंतरही त्या थांबल्या. पुढे गाणंच नव्हतं.

रेमंड, मनापासून श्रद्धांजली रे. फार आठवण येते यार.