दिगू, तू मला न विचारताच गेलास

टक. टक. टक.

आठवीत मी कविता म्हणायला उभा राहिलो की मागच्या बाकावरून हा आवाज यायचा. कंपासपेटी आपटल्याचा. माझा ठेका चुकावा म्हणून.

ती आपटणारा दिगू आज सकाळी गेला.

आणि मी त्याच्याबद्दल चांगलं बोलणार नाही.

सकाळपासून वाडीच्या ग्रुपवर वाचतोय. "प्रेमळ गुरू." "शांत स्वभाव."

अहो, कोणाबद्दल लिहिताय? त्याच्या शिव्यांनी आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरचे कावळे उडायचे!

जन्मभर मुंबईत ऑर्केस्ट्रात गिटार वाजवून तो म्हातारपणी रत्नागिरीला परतला. पडवीत क्लास काढला. मीही गेलो. शाळेतल्या कवितांच्या चाली अजून कानात आहेत. मरायच्या आधी एखादी तरी आपल्या बोटांनी वाजवावी, एवढीच हौस.

"चाल नंतर. आधी फ्रेटबोर्डवरचा एकेक स्वर ओळखायला शीक."

ठीक. पाठांतर म्हणजे माझं माहेर. आंब्याच्या कलमाखाली फेऱ्या मारत मी सहाही तारांवरचे स्वर ओवीसारखे बांधले आणि आठवड्यात घडाघडा म्हणून दाखवले.

त्याने चौथ्या तारेवर बोट ठेवलं. सातवा फ्रेट, म्हणजे पट्टीवरचं सातवं घर.

"हा कुठला?"

"डी, डी शार्प, ई, एफ..."

"गप! मधल्या घरात पत्र टाकायला पोस्टमन गल्लीतलं प्रत्येक दार वाजवत येतो काय रे?"

"उत्तर येतंय ना शेवटी?"

"तू पोचेपर्यंत गाणं संपून लोक घरी जाऊन जेवले, मेल्या!"

क्लासमधली पोरं खी खी हसली. नातवंडांच्या वयाची पोरं.

त्याची पद्धत वेगळी. एका दिवशी एकच स्वर. आज फक्त ए. गिटारच्या अख्ख्या गळ्यावर जिथे जिथे ए आहे तिथे बोट थेट गेलं पाहिजे. आणि तोंड बंद.

तोंड बंद. मला!

"पाठ केलेलं जन्मभर टिकतं, दिगू."

"लोणचंपण टिकतं. वाजतं का?"

मग गणपती आले. त्याच्या घरी आरतीला मी गिटार घेऊन उभा राहिलो. ओठातल्या ओठात स्वर पुटपुटत वाजवत होतो. दुसऱ्या कडव्यात त्याने सरळ माझ्या तारांवर पंजा ठेवला.

"कवी, तू वाजवत नाहीस. म्हणून दाखवतोयस."

अख्ख्या वाडीसमोर. देवासमोर.

त्यानंतर आम्ही बोललो नाही. संध्याकाळी तो पडवीत वाजवायला बसला की मी खिडक्या धाडकन लावायचो.

आणि आत बसून, तोंड बंद ठेवून, दिवसाला एक स्वर.

प्रेमाने नाही. रागाने. खाऱ्या हवेने तारा गंजल्या, बोटांची सालटी निघाली, सोडलं नाही. आता कुठलाही स्वर सांगा, बोट आधी पोचतं, नाव मागून येतं.

येत्या पाडव्याला गडगा ओलांडून जाणार होतो. गिटार त्याच्या नाकासमोर धरून म्हणणार होतो, विचार. कुठलीही तार, कुठलाही फ्रेट. विचार रे!

आणि हा मेला.

हे मरण नव्हे. हा पळपुटेपणा आहे. ज्याच्यासाठी एवढा अभ्यास केला तो परीक्षक पेपर न घेताच वर्गाबाहेर. आता मी कोणाला दाखवू? त्या "शांत स्वभाव"वाल्यांना? त्यांना ए आणि बी सारखेच.

गडग्यापलीकडे माणसं जमलीत. मुलगा मुंबईहून पोचला, रडणं वाढलं. मी जाणार नाही. ज्याने माझा हात थांबवला, त्याला मी हात जोडायचे? इथे खुर्चीत बसून हे लिहितोय, तेवढं पुष्कळ.

दार वाजतंय. थांबा.

सुलभावहिनी. दिगूची बायको.

घरात नवरा अजून उचलायचाय आणि ही बाई एकटी, अनवाणी, माझ्या पायरीवर.

माझ्या हातातल्या फोनकडे बघून म्हणाली, "भाऊजी, काय शिव्या द्यायच्यात त्या तिथे येऊन द्या. तोंडावर. फोनवर काय लिहीत बसलात?"

"वहिनी, मी..."

"तिरडी बांधून झाल्ये. तुम्ही येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही, असं सांगून आल्ये मी."

अजून उभी आहे. आत येत नाही, जातही नाही.

एवढं ग्रुपवर टाकतो आणि निघतो.

दिगू, बाकीचं तोंडावर बोलतो. तेवढा थांब.