गाठोड्यातल्या उशा

आमच्या भाऊजींच्या गाठोड्यात सोफ्याच्या उशा असतात. हे मी आधीच सांगून टाकते, कारण हॉलमधल्या लोकांना ते कधी कळलं नाही आणि कळलं असतं तरी त्यांनी डोळे पुसणं काही थांबवलं नसतं. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. फरशांच्या गोदामात साहेब आहेत, थंड काचेच्या खोलीत बसून कोणता ट्रक कुठे लावायचा ते सांगतात. आणि महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी अनवाणी स्टेजवर येतात, खांद्यावर ते गाठोडं टाकतात आणि घरदार सोडून पोटामागे निघालेल्या माणसाची गाणी गातात.

अनवाणी! हा माणूस इथे परदेशात आला तेव्हा मामाने नोकरी ठरवून ठेवली होती, विमानतळावर गाडी पाठवली होती. गाडीत उलटी झाली एवढाच काय तो प्रवासाचा त्रास. गावी असताना तोंडातून कधी सूर काढला नव्हता. इथे आला, पोट सुटलं, घर झालं, आणि मग एकदम दुष्काळ आठवायला लागला.

आणि ऐकणारे तरी काय, एकाला झाकावा नि दुसऱ्याला काढावा. गाड्या लावायला जागा मिळत नाही म्हणून बाहेर भांडतात, आत येऊन कोपऱ्यातली बरी खुर्ची धरतात आणि "भाकर नाही घरात" म्हटलं की हुंदके देतात. मध्यंतरात बिस्किटं संपली की कुरकुर. मी आणि ताई मोठ्या लॉन्ड्रीत चादरी धुतो, इस्त्री करतो, म्हणून मला त्यांचं बरोबर कळतं. आईला फोन केला नाही, भावाशी धड बोललो नाही, सगळे डाग घेऊन यायचं, एक गाणं रडायचं आणि पांढरेशुभ्र होऊन जायचं. पुढच्या महिन्यापर्यंत बघायला नको.

बरं, गाणं वाईट असतं तर मी कधीच उठून गेले असते. पण नाही ना! ते जुनं आहे, खरोखर पोटामागे चाललेल्या कुणा बाईने रचलं असणार. चादरीची घडी घालताना मी एका टोकाला, ताई दुसऱ्या टोकाला, आणि आमच्या नकळत पावलं त्याच चालीवर पडतात. मला स्वतःचाच राग येतो. असल्या माणसाच्या तोंडीसुद्धा ते गाणं मरत नाही, याचा तर जास्तच.

त्यातल्या एका गाण्याची रीत अशी आहे. मुख्य गाणारा म्हणजे निघालेला मुलगा. मागे बसलेली बाई म्हणजे त्याची आई. ती विचारते, "कधी रे येशील बाळा, दार मी लावत नाही." तो म्हणतो, "येत्या साली येईन आई, वाट तू बघू नको." आई जितक्या वेळा विचारेल तितक्या वेळा मुलाने उत्तर द्यायचं. ती गप्प झाली की मगच त्याला पुढच्या कडव्यावर जाता येतं. भाऊजींच्या मागे ही आई व्हायला अर्थातच आमची ताई. उशा भरायलाही तीच.

आणि खरी आई? ती गावी. जिवंत. हात थरथरतात, भरलेला तांब्या उचलवत नाही. शेजारीण फोन लावून देते, तेव्हा म्हातारी फोनवर एकच विचारते, "कधी येतोस रे?" आणि भाऊजी टीव्हीचा आवाज कमी न करता म्हणतात, "पुढच्या वर्षी नक्की, आई." रजा मिळत नव्हती असंही नाही. मिळेल ती रजा कार्यक्रमांना जायची. दुसऱ्या शहरातले लोकही रडायला बोलावत होते ना!

"अगं, सासूबाई जातील एक दिवस, आणि हे 'पुढच्या वर्षी' म्हणतच राहतील," ताई लॉन्ड्रीत मला म्हणाली. "मी म्हटलं, तुम्ही जा. तर म्हणाले, कार्यक्रम ठरलेत. मग म्हटलं, मी जाते. तर म्हणाले, मग मागे कोण बसणार?"

"आणि तू ऐकून घेतलंस?"

ताईने चादरीचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक धरून मागे सरकली.

त्या रविवारी हॉल भरला होता. ते गाणं आलं. ताईने विचारलं, "कधी रे येशील बाळा?" भाऊजींनी उत्तर दिलं आणि पुढच्या कडव्यासाठी श्वास घेतला. ताईने पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, येत्या साली. तिने पुन्हा विचारलं. भाऊजींनी मान वळवून पाहिलं. तिची नजर सरळ त्यांच्यावर. आता रीत मोडायची तर चारचौघांत फजिती, म्हणून बिचारे येत्या साली, येत्या साली करत राहिले. घाम फुटला, आवाज फाटला. मला तर वाटलं, आता हा माणूस स्टेजवरच गावी जायचं कबूल करतो. ताईचाही आवाज थरथरायला लागला होता, पण ती सोडेना.

आणि हॉल? हॉल वेडा झाला! लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. पुढच्या रांगेतल्या बाईंना तर पाणी आणून द्यावं लागलं.

घरी जाताना भाऊजी गाडीत इतके खूश, की विचारू नका. "काय सुचलं गं तुला! दरवेळी असंच ताणायचं, बरं का."

ताईने घरी आल्यावर गाठोडं सोडलं, उशा सोफ्यावर लावल्या आणि आपली बॅग काढली. पुढच्या कार्यक्रमाला ती गावी सासूजवळ होती.

भाऊजींनी मला मागे बसायला सांगितलं. मी म्हटलं, "मला नाही जमत तुमचं रडगाणं." पण ताईचा फोन आला होता, म्हणून हॉलमध्ये जाऊन प्रेक्षकांतल्या शेवटच्या खुर्चीवर बसले. ताई म्हणाली होती, "आईंना जरा ऐकव. लेकाचं गाणं त्यांनी कधी ऐकलंच नाही. कोण गातंय ते मात्र मी सांगितलेलं नाही." गाणं आलं तसा मी ताईला फोन लावून उंच धरला. मागे बसायला कुणी नव्हतं, तर आईचा प्रश्न सगळा हॉलच गायला लागला. भाऊजी उत्तरं देत होते, ताणून ताणून, मधेच हुंदका घालून. कडवं संपलं तसा मी फोन कानाला लावला.

म्हातारीचा आवाज आला. "बिचारा. किती रडतोय गं. आई गेली वाटतं याची?"

ताई म्हणाली, "नाही हो आई. आहे अजून."

"आहे? मग तिथे गात काय बसलाय मेला? जात का नाही तिच्याकडे?"

 मी फोन तसाच कानाला धरून बसले, आणि आजूबाजूला सगळे नाकं शिंकरत होते.

कार्यक्रम संपल्यावर भाऊजी गळ्याचा घाम पुसत माझ्याकडे आले. फोन त्यांनी स्टेजवरून पाहिला होता. "आईला ऐकवलंस ना? काय म्हणाली? रडली का?"

मी सांगितलं. एकही शब्द गाळला नाही.

भाऊजींनी गाठोड्याची गाठ चाचपली. मग म्हणाले, "फोनवर आवाज बदलतो," आणि लोक फोटोसाठी थांबले होते तिकडे गेले.