दुसरा ठोका

त्याला सगळे दोनठोके म्हणत. सुतारकामात तीस वर्षं घालवलेल्या या माणसाची एकच खोड होती. सांधा घट्ट बसला तरी मोगरीचा आणखी एक ठोका हाणल्याशिवाय त्याच्या हाताला चैन पडायची नाही. "पहिला लाकडासाठी, दुसरा माझ्या मनासाठी," तो म्हणे. गिऱ्हाइकं हसत; पण त्याची खुर्ची कधी डुगडुगली नाही, हे त्यांनाही मान्य होतं.

आईवडील गेले तेव्हा धाकटी बहीण आठ वर्षांची होती. तिला त्यानंच वाढवलं. वेण्या घालायला शिकला, शाळेत पालकांच्या सभेला अंगावरचा भुसा झटकत जाऊन बसला, आणि स्वतःच्या लग्नाचं 'बघू, बघू' म्हणता म्हणता राहूनच गेलं. तिच्या लग्नात त्यानं स्वतःच्या हातानं केलेलं कपाट दिलं.

त्याच कपाटाचं दार निखळलं म्हणून तो एका दुपारी तिच्या घरी गेला. दार कसं निखळलं ते तिनं सांगितलं नव्हतं. आत शिरतो तर काय, मेव्हण्यानं तिला कपाटाला दाबून धरलेलं, दोन्ही हात गळ्यावर, तिचे डोळे पांढरे होत चाललेले. त्यानं पिशवीतून मोगरी काढून मेव्हण्याच्या खांद्यावर हाणली. हात सुटले, मेव्हणा गुडघ्यांवर आला. आणि मग हाताची ती मेली खोड! दुसरा ठोका डोक्यात बसला. मेव्हणा वाचला, पण त्याची उजवी बाजू लुळी पडली ती पडलीच.

खटला उभा राहिला, तेव्हा त्याच्या वकीलबाईंनी आडपडदा ठेवला नाही. "दुसऱ्याचा जीव वाचवायला हात उचलता येतो, पण धोका असेपर्यंतच. तो टळला की हक्कही संपला. पहिला ठोका कायद्यात बसतो, दुसरा नाही."

"दुसरा माझा गुन्हाच आहे. त्याची शिक्षा भोगेन मी."

"मग निदान पहिल्यासाठी बहिणीची साक्ष हवी. तिनं डॉक्टरांना गळा दाखवलेला नाही आणि तिथे दुसरं कुणी नव्हतं. ती खरं बोलली तर शिक्षा बरीच कमी होईल."

तो चक्क हसला. "तिचं काय घेऊन बसलात! मी वाढवलंय तिला."

साक्षीच्या दिवशी ती नवऱ्याची चाकाची खुर्ची ढकलत आली. भावाकडे तिनं पाहिलं नाही.

"नवऱ्यानं तुमचा गळा धरला होता का?" वकीलबाईंनी विचारलं.

"नाही. आमची नुसती बोलाचाली चालली होती. दादानं आल्या आल्या मारलं."

"चिमे, माझ्याकडे बघून सांग!" तो ओरडला. न्यायाधीशांनी त्याला गप्प केलं.

सात वर्षांची शिक्षा झाली. दुसऱ्या ठोक्याची शिक्षा त्यानं आधीच मान्य केली होती. पहिल्याची त्याच्या पदरात तिनं घातली, आणि ती त्याला सोसवेना. व्हरांड्यात ती एकटी उभी दिसली, तेव्हा त्यानं शिपायाला हात जोडून दोन मिनिटं मागितली.

"दादा, मला त्याच घरात दिवस काढायचेत," तो काही विचारायच्या आधीच ती म्हणाली.

"काढ. आता कोर्ट उठलंय, इथे कुणी लिहून घेत नाही. मला एकट्याला सांग. मी आलो तेव्हा तुझा जीव चालला होता की नाही?"

तिचा हात गळ्यापाशी गेला.

"नाही," ती म्हणाली, आणि नवऱ्याची खुर्ची आणायला आत गेली.