पिल्लांच्या कानांची परीक्षा

परवा माझ्या सुनेनं तिच्या जातिवंत कुत्र्याच्या गालातून कापूस लावलेली काडी फिरवली, पाकिटात घातली आणि तपासणीला पाठवून दिली. आईबापांकडून याला कुठले आजार आलेत ते आता म्हणे फोनवर कळणार. मी म्हटलं, "आम्ही हे ताट आणि पळीवर केलं होतं." सासूबाईंचं वय झालं अशा नजरेनं तिनं माझ्याकडे पाहिलं, तेव्हा सगळं सांगणं भाग पडलं.

नव्वदीच्या दशकातली गोष्ट. धुळ्याकडून लग्न होऊन मी सुरतेला, पांडेसऱ्यात आले. आमचे हे पॉवरलूमच्या कारखान्यात मागांचे मिस्त्री होते आणि कारखान्याच्या भिंतीला लागूनच शेठनं आम्हाला खोली दिली होती. माग रात्रंदिवस चालत. त्यांच्या हादऱ्यानं फळीवरचे डबे आपोआप पुढे सरकत यायचे, ते मी दिवसातून दोनदा मागे ढकलायचे. पहिले आठ दिवस मी कानात बोळे घालून रडले. नवव्या दिवशी मात्र अशी गाढ झोप लागली की यांचा डबा करायचा राहिला.

शेठकडे ठिपक्यांची विलायती कुत्री होती, डाल्मेशियन. घरात मुलीचं लग्न आणि नेमकी तेव्हाच ही गाभण. शेठाणींना लग्नाच्या घरात बाळंतपण नको होतं, तेही कुत्रीचं. शेठ तिला घेऊन आमच्या दारात आले. "बेन, थोडा दिवस राखी लो." मला कुत्र्यांचा तिटकारा, पण मालकाला नाही कोण म्हणणार! माझ्या स्वयंपाकाच्या जागेपासून चार हातांवर तिनं सहा पिल्लं घातली. सगळी पांढरीफटक, एकाच्याही अंगावर ठिपका नाही.

मला वाटलं, कुत्रीनं शेठला फसवलं. शेजारची वऱ्हाडातली बाई डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये कामाला होती. पिल्लं पाहून ती म्हणाली, "हा तं ग्रे माल हाये बाई. छपाई व्हाची हाये अजून." छापायच्या आधीच्या कोऱ्या कापडाला तिथं ग्रे म्हणतात. आणि तिचं खरं झालं! दोनेक आठवड्यांत एकेकाच्या अंगावर ठिपके उमटू लागले. रोज सकाळी मी कोणाची किती छपाई झाली ते बघत बसायचे. तिटकारा कुठल्या कुठे गेला होता.

मग शहरातून जनावरांचे डॉक्टर आले. ते म्हणाले की या जातीत बहिरेपण रक्तातूनच येतं, त्यामुळे पिल्लं पाच आठवड्यांची झाली की एकेकाला वेगळं घेऊन मागून आवाज करून बघा. त्याला तुम्ही दिसता कामा नये. जे वळणार नाही ते माझ्याकडे पाठवा, मी इंजेक्शन देईन. बहिरं कुत्रं घाबरून चावतं, गाडीखाली येतं, शिवाय पुढच्या पिल्लांतही तोच दोष. डॉक्टर वाईट माणूस नव्हता, पण ते "इंजेक्शन" मारून टाकण्याचं आहे हे कळताच मी सहाही पिल्लं पदराखाली ओढली.

पाच आठवडे झाले. मी पहिल्या पिल्लाला कोपऱ्यात बसवलं आणि मागून ताटावर पळी हाणली. ते आपलं शेपूट चावण्यात दंग. दुसऱ्याचं तेच, तिसऱ्याचं तेच. सहाव्यापर्यंत माझ्या तोंडचं पाणी पळालं. सहाच्या सहा बहिरी! शेठनं निरोप पाठवला, परीक्षा झाली का? मी सांगितलं, ताट सापडत नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, ताट सापडलं, पळी सापडत नाही. इतक्या थापा मी माहेरीसुद्धा मारल्या नव्हत्या.

तिसऱ्या दिवशी, पिल्लं झाल्यापासून पहिल्यांदाच, कारखान्याची वीज गेली. माग थांबले आणि एकदम सामसूम झाली. झोपलेली पिल्लं ताडकन उठून बसली आणि ही कसली भानगड म्हणून भुंकायला लागली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ज्यांचे कान मागांच्या खडखडाटातच उघडले, त्यांना माझ्या पळीचं काय कौतुक! मी धावत ताट आणलं. पहिलं पिल्लू दचकून उलटं पडलं. दुसरं पळालं. पाच जणं पास झाली आणि मला नाचावंसं वाटलं. सहावं तेवढं शांतपणे झोपून होतं.

मी त्याच्यामागे बसले आणि जीव खाऊन पळी हाणली. ते हललं नाही. आणि माझ्याकडे पाठ करून दाढी करत बसलेले आमचे हे, तेही हलले नाहीत. शेजारीण बाहेरून विचारत होती काय फुटलं, पण यांचा ब्रश गालावर संथपणे फिरत होता. लग्नाला वर्ष होत आलं होतं. मी हाक मारली की हे ओ देत नाहीत म्हणून मी किती भांडले होते, दोनदा माहेरी निघाले होते. मला स्वतःची लाज वाटली आणि रडूही आलं.

मी समोर जाऊन बसले. आधी पिल्लाकडे, मग यांच्या कानाकडे बोट केलं. हे ओशाळून हसले. "कारखानामा बठ्ठाच असा शेतस," म्हणाले. तिथं सगळेच असे बहिरे, मागांवर कोणी बोलतच नाही म्हणे, सगळं हातांनी चालतं. उठलेल्या पिल्लापुढे यांनी दोन बोटं उडवून मुठीत ओढली. धागा तुटला, इकडे ये, असा तो मागावरचा इशारा. पिल्लानं मान वाकडी करून पाहिलं. तिसऱ्यांदा केला तेव्हा ते धडपडत यांच्या मांडीत आलं.

दुपारी शेठ आले. त्यांनी स्वतः ताट वाजवून पाहिलं, पाच पिल्लं वळली म्हणून खूश झाले, सहाव्याला डॉक्टरकडे न्यायला पिशवी उघडली. आमचे हे शेठपुढे कधी मान वर न करणारे, पण पिल्लू छातीशी धरून उभे राहिले. "शेठ, आपके कारखाने में किसको सुनाई देता है? सबको सुई लगवाओगे?" शेठ इतके हसले की त्यांना खाटेवर बसावं लागलं. पिशवी रिकामीच परत गेली. डॉक्टरांनी एकच अट घातली, पुढे पिल्लं होऊ नयेत म्हणून ऑपरेशन करायचं. ते आम्ही केलं.

ते पिल्लू बारा वर्षं आमच्याकडे राहिलं आणि कोणाला चावलं नाही. मी मात्र हाका मारणं सोडून दिलं. जेवण तयार झालं की फरशीवर एकदा पाय आपटायचे आणि दोघंही वळून बघायचे.